मोजून दोन फोटो

माझ्या हातात दोन कॅमेरे असतात. एक माझा, एक स्टुडिओचा.

माझा जुना डीएसएलआर आहे. कंपनीने शिकाऊ लोकांसाठी काढलेला, सगळ्यात खालच्या पायरीचा. मी कॉलेजात असताना वडिलांनी तो मंद्रूपच्या एका लग्नाच्या फोटोग्राफरकडून घेतला. पकडीचं रबर तेव्हाच सुटलेलं होतं, मी ते आतापर्यंत तीनदा चिकटवलंय. फोकससाठी त्यात नऊ ठिपके आहेत, पण भरवशाचा एकच, मधला. उजेड कमी झाला की फोटोत रवा सांडल्यासारखे कण येतात. बटण दाबलं की आतला आरसा वर उचलला जातो आणि खटॅक असा आवाज होतो. आवाज इतका खणखणीत की लग्नात भटजी मान वर करत असतील.

स्टुडिओचा नवा आहे. मिररलेस, म्हणजे आत आरसाच नाही. व्यावसायिकांसाठीचा. डोळा लावला की आत एक छोटा टीव्ही दिसतो आणि त्यात खोली प्रत्यक्षापेक्षा जास्त उजळ असते. जुन्यात आधी अंधार दिसतो, मग फोटो कसा आला ते कळतं. नव्यात फोटो काढण्याआधीच दिसतो. स्टुडिओत मी टॉवेल आणि चादरींचे कॅटलॉग काढते. नव्या कॅमेऱ्यात टॉवेलच्या धाग्याचं एकेक वेटोळं मोजता येतं. टॉवेल विकणाऱ्यांना ते आवडतं.

त्याची एक सवय मला पहिल्या दिवशीच खटकली. समोर माणूस आला की एक चौकोन धावत जाऊन त्याच्या डोळ्यावर बसतो. हात दाखवायचे असले तरी चौकोन चेहऱ्याकडेच जातो. ते बंद करता येतं, पण कॅमेरा डब्यातून निघतो तो चेहरा शोधतच.

आमच्या घरात चेहरा वर्ज्य होता. वडील यंत्रमागावर काम करायचे आणि कामगारांसाठी पत्रकं काढायचे. माग सुटला, पत्रकं सुटली नाहीत. कॉटखाली गठ्ठे, माळ्यावर गठ्ठे. मी अक्षरं त्यांच्याच कोऱ्या बाजूवर गिरवली. ‘जाहीर निषेध’ मला स्वतःच्या नावाआधी लिहिता येत होतं. पत्रकाचे नियम वडिलांनी ठरवले होते: कामगाराचा चेहरा छापायचा नाही, कारखान्याचं नाव छापायचं नाही. नाव छापलं की मालक तक्रार वाचत नाही, तक्रार कुणी केली ते शोधत बसतो. म्हणून मी हात काढते. सात-आठ वर्षांत मी किती हात काढले असतील त्याचा हिशेब नाही, आणि कुणालाही माझ्या फोटोमुळे घरी बसावं लागलं नाही. याचा मला अभिमान होता. तो कॅमेऱ्याचा आणि नियमाचा आहे असं मी समजत होते.

यंदाचं पत्रक संडासाबद्दल होतं. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या बऱ्याच कारखान्यांत बायकांसाठी वेगळा संडास नाही, किंवा आहे पण त्याला आतून कडी नाही. म्हणून बायका दिवसभर पाणी पीत नाहीत. पहिल्या ओळीतच मी लिहिलं होतं की कडी ही चार इंचाची वस्तू आहे आणि ती बसवायला मालकाला मन लागत नाही, चार स्क्रू लागतात. वडिलांनी ती ओळ ठेवली, पुढच्या तीन कापल्या.

फोटो अक्काचा काढायचा होता. अक्का एका कारखान्यात चादरींच्या घड्या घालते. तिच्या घरात तेलुगू बोलतात, आमच्याशी ती सोलापुरी मराठी बोलते आणि आकडे मात्र तेलुगूतच मोजते. घडी विभागात चारच बायका आहेत. अक्काचा नवरा घरी असतो, घर तिच्या पगारावर चालतं. काम गेलं तर त्या वयात दुसरीकडे कुणी घेणार नाही, हे तिलाही माहीत होतं आणि मलाही.

तिची आणि माझी एक पद्धत ठरलेली होती. दुपारी जेवायच्या सुट्टीत माग थांबतात तेव्हा जायचं, पिशवीत वर भाकरीचा डबा, खाली कॅमेरा. फोटो फक्त दोन. तिने मान हलवली की मी बटण दाबायचं. खटॅक झालं की ती म्हणायची, “ओकटी.” दुसऱ्याला, “रेंडू. बास.” आणि शेजारची बाई त्याच क्षणी डब्याचं झाकण आपटायची, कारण माग बंद असताना कॅमेऱ्याचा आवाज पार दारापर्यंत जायचा. दाराबाहेर मुकादम जेवत बसलेला असायचा.

ते झाकण आपटणं मला कधी आवडलं नाही. एक दिवस मुकादम आत येईल आणि सगळं अक्कावर जाईल, ही भीती दरवेळी असायची. नव्या कॅमेऱ्यात आवाज पूर्ण बंद करता येतो हे कळलं तेव्हा मला पहिल्यांदा अक्काच आठवली.

मी स्टुडिओच्या मालकाला कॅमेरा मागितला.

“कशाला?”

“बाबांचं पत्रक आहे.”

“म्हणजे उद्या माझीच गिऱ्हाइकं मला फोन करणार.”

“तुमचं गिऱ्हाईक नाही ते. मी बघितलंय.”

“मग ने. दोन दिवस. हात बसू दे त्याच्यावर. आणि डब्यातली डाळ त्याच्यावर सांडू नकोस.”

दुसऱ्या दिवशी दुपारी मी घडी विभागात होते. ट्यूबलाइटच्या उजेडात अक्का चादरींच्या ढिगापाशी बसली होती, शेजारी सकाळी घरून भरून आणलेली पाण्याची बाटली, अजून गळ्यापर्यंत भरलेली. तोच फोटो हवा होता, काम करणारे हात आणि न प्यायलेलं पाणी. पहिल्या काही फोटोंवर काळे आडवे पट्टे आले. आवाज बंद ठेवला की ट्यूबच्या उजेडात तसं होतं, शटरचा वेग कमी केला की जातं. मी वेग कमी केला आणि काढत राहिले.

“काढलास व्हय?” अक्काने विचारलं.

“काढतेय.”

“आवाज न्हाई आला की.”

“याला आवाजच नाही, अक्का.”

शेजारची बाई झाकण हातात धरून बसली होती. “मग मी काय वाजवू?” ती म्हणाली. “माझी नोकरी गेली म्हणायची.”

सगळ्या हसल्या. मीही हसले आणि काढत राहिले. अक्का थोडा वेळ ताठ बसली, मग कंटाळली, बाजूच्या चादरीकडे वाकली, बांगड्या मागे सारल्या. मुकादमाला काहीही कळलं नाही. बाहेर पडताना वाटलं, हे आधीच करायला हवं होतं.

घरी आल्यावर पाहिलं, एकसष्ट फोटो. त्यातला एक वडिलांनी लगेच निवडला. बाटलीवर उजेड, हात अर्धवट उचललेला, आणि मागे चादरींचा ढीग थेट शेवटपर्यंत स्पष्ट. जुन्या कॅमेऱ्यात मागचं सगळं पिठल्यासारखं व्हायचं. “इतका चांगला फोटो आपल्या पत्रकात कधी आला नाही,” वडील म्हणाले. त्यांना मोतीबिंदू आहे. मला नाही, पण मीही फक्त हात आणि बाटलीच पाहिली. पुढच्या दिवशी दुपारी मजकूर छापखान्यात गेला.

संध्याकाळी मी अक्काकडे गेले. छापायच्या आधी फोटो दाखवायचा हाही नियमच होता, पण मी तो आधी छापखाना आणि मग अक्का असा पाळला, कारण आजवर ती कशाला नाही म्हणाली नव्हती. तिने माझा मोबाइल हातात घेतला, दोन बोटांनी फोटो मोठा केला आणि सरकवत राहिली. मी बोलायला लागले तेव्हा तिने हात वर केला.

“हे कधी काढलंस?”

“तेव्हाच की.”

“तवा मी तयार न्हवते.”

तिने मोबाइल माझ्याकडे फिरवला. मनगटाच्या आत गोंदण होतं, तिच्या नवऱ्याचं नाव, तेलुगू अक्षरांत. मी तिला इतकी वर्षं ओळखते, ते गोंदण मी पहिल्यांदा पाहत होते. मग तिने फोटो मागच्या ढिगापर्यंत सरकवला. ढिगातल्या एका चादरीचा काठ बाहेर आला होता. आमच्याकडच्या चादरीच्या काठात कारखान्याचं नाव विणलेलं असतं. चादरीची मागची बाजू दिसत होती, त्यामुळे नाव उलटं होतं. उलटं, पण एकेक अक्षर सुटं.

“जुन्या कॅमेऱ्याला मी आधी पदर ओढते मनगटावर,” ती म्हणाली. “काठ आत दुमडते. मग मान हलवते. मग तुझा आवाज येतो. दोनदा आला की मला कळतं, झालं, आता हात मोकळा.”

“तू हे दरवेळी करायचीस?”

“तुला काय वाटलं?”

मला वाटत आलं होतं की तिला माझा कॅमेरा आणि आमचे नियम सांभाळतात.

“काल तू गप काढत बसलीस. मी वाट बघितली आवाजाची. मला वाटलं, काढलाच न्हाईस अजून.” ती रागावलेली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं. “ह्यो हात मुकादम रोज बघतो. गोंदण बघितलं की झालं. उद्या मला म्हणतील, अक्का, घरीच बस.”

तिच्या दारातूनच मी छापखान्यात फोन केला. तिथल्या काकांनी सांगितलं, मशीन चालू आहे, दोनेकशे निघाले. मी म्हणाले थांबवा. स्कूटीवरून वडिलांना फोन केला तेव्हा काकांनी त्यांना आधीच कळवलं होतं, ते छापखान्याकडे निघालेच होते.

छापखान्यात काकांनी भिंग दिलं. एकाच रंगाची छपाई, हलका कागद. गोंदणाचे ठिपके फुटले होते, वाचता येत नव्हतं. चादरीचं नाव येत होतं.

“उलटं आहे,” वडील म्हणाले.

“आरशात धरलं की सरळ होतं, बाबा.”

“पत्रक आरशात कोण धरतं?”

“मालकाला आरसा कशाला लागेल? नाव त्याचंच आहे. आणि सकाळी हेच पत्रक सगळ्यांना मोबाइलवर जाणार होतं, तिथे गोंदणसुद्धा वाचता येतं.”

त्यांनी कागद नाकाजवळ धरला. “मी बघितला होता फोटो,” ते म्हणाले. मग पहिलं पत्रक त्यांनी स्वतः फाडलं. आमची पत्रकं फाडणारे आम्ही खूप पाहिले होते, कारखान्याच्या दारात, चौकात, एकदा आमच्याच अंगणात. ते नेहमी दुसरे कुणीतरी असायचे. त्या संध्याकाळी आम्ही दोघं आणि काका फाडत बसलो. काकांनी छपाईची प्लेटही पुसली आणि वाया गेलेल्या कागदाचा हिशेब मांडला नाही.

तिथून मी परत अक्काकडे गेले, कॅमेरा घेऊन. तिच्यासमोर फोटो पुसायला बसले. सगळे एका बटणात जातात, तसं मी तिला सांगितलं.

“न्हाई. एकेक पूस. मी बघते.”

ती तेलुगूत मोजत होती. एकसष्ट फोटो म्हणजे किती, ते मला तेव्हा कळलं. काही फोटोंत तिचा चेहराही होता. मी हातांकडेच बघत होते, कॅमेरा मात्र तिच्याकडे बघत राहिला होता. एका फोटोत ती जांभई देत होती. तो तिने जवळ घेऊन बघितला, मग म्हणाली, “पूस.”

पुढच्या दुपारी मी दोन्ही कॅमेरे नेले. नवा परत द्यायचा होता, पण मनात अजून एक उपाय शिल्लक होता. त्यात आवाज चालू करता येतो, कमी-जास्तही करता येतो. अगदी हळू ठेवला तर अक्काला ऐकू जाईल, मुकादमाला नाही. मी तिच्या कानाजवळ एकदा वाजवून दाखवला.

“ह्यो आवाज कुठनं येतोय?”

“आतल्या स्पीकरमधून.”

“म्हंजे बंद बी करता येतो.”

“हो.”

“बंद करून बी फोटो निघतो.”

“हो.”

“मग नको.” तिने माझ्या पिशवीकडे बोट केलं. “त्यो काढ.”

मी नव्याची बाजू घेणार होते. त्याचा फोटो चांगला येतो, तू तयार असशील तेव्हाच काढीन, शब्द देते. आमच्या पत्रकांच्या घरात दिलेल्या शब्दाला किंमत असते, असंही तोंडावर आलं होतं. पण काल पुसलेल्या एकसष्ट फोटोंनंतर ते बोलण्यासारखं नव्हतं. मी जुना काढला.

अक्काने पदराचं टोक मनगटावर ओढलं. काठ आत दुमडला, वरून हात फिरवला. बाटली जरा पुढे सरकवली. हे सगळं तीन-चार सेकंदांचं काम होतं, आणि इतकी वर्षं मी त्या वेळात लेन्सचं झाकण काढत असायचे. तिने मान हलवली.

खटॅक. झाकण आपटलं.

“ओकटी.”

खटॅक.

“रेंडू. बास.”

दारात मुकादमाची सावली आली. “काय पाडलं गं?” त्याने बाहेरूनच विचारलं.

“झाकण,” शेजारची बाई म्हणाली. “रोजच पडतंय की, आजच इचारताय?”

सावली गेली. मी मागच्या छोट्या पडद्यावर पाहिलं. पहिला हलला होता. दुसऱ्यात हात ठीक होते, पण बाटली फोकसच्या जरा बाहेर गेली होती आणि सगळीकडे कण. बाटली भरलेली आहे हे सांगितल्याशिवाय कळलं नसतं.

“अक्का, एकच अजून घेऊ? बाटली नीट नाही आली.”

“दोन म्हंजे दोन.”

पत्रक त्या दुसऱ्या फोटोवरच निघालं. बाटलीखाली मला एक ओळ लिहावी लागली, की ही सकाळी भरलेली आहे. अक्का अजून त्याच कारखान्यात आहे, कडी अजून बसलेली नाही. ओळ मात्र मी पुन्हा लिहिली आहे, स्क्रूंच्या संख्येसह, पुढच्या पत्रकासाठी.

त्या दुपारी कॅमेरा पिशवीत ठेवून मी उठले तेव्हा तिने बाटलीचं झाकण उघडलं होतं. घोटभर तोंडात घेतलं, खुळखुळवलं, खिडकीतून बाहेर टाकलं आणि झाकण घट्ट लावलं. मग भोंगा झाला, माग सुरू झाले, आणि तिचे ओठ हलताना दिसले. काय म्हणाली ते ऐकू आलं नाही. बहुतेक जा म्हणाली.