शोकसभेत मी उभी राहिले

माझे वडील सोलापुरातल्या एका चादरींच्या कारखान्यात मार्केटिंगचे अधिकारी होते. सत्तरच्या दशकात हा शब्द आमच्या गल्लीत कुणाला नीट उच्चारता येत नसे. शेजारच्या तेलुगू मावशी त्यांना सरळ चादरवाले साहेब म्हणायच्या.

महिन्यातले पंधरा दिवस त्यांची फिरती असे, उरलेले पंधरा दिवस ते आमचे. मी सात वर्षांची असताना अर्धांगवायूनं आईचा उजवा हात गेला. तेव्हापासून आम्हा दोघी बहिणींच्या वेण्या वडील घालायचे. सुरुवातीला त्या शाळेत पोहोचेपर्यंत सुटायच्या. मग त्यांनी नमुन्याच्या चादरीच्या दशा गुंफून सराव केला. एकदा वेण्यांपायी त्यांना मीटिंगला उशीर झाला, तर मालक सगळ्यांसमोर म्हणाले, की आमच्या साहेबांनी आता बांगड्याच भराव्यात. हे वडिलांनीच आम्हाला हसत सांगितलं. मला तेव्हाही हसू आलं नव्हतं.

पुढे मालकांनी त्यांना मुंबईचं ऑफिस सांभाळायला सांगितलं. आईची बोटं नुकती हलू लागली होती, उपचार मोडायचा नव्हता. वडील नाही म्हणाले. हा नकार मालकांच्या मनात सलला. दोन महिन्यांत मुंबईहून एक तरुण अधिकारी आला आणि वडिलांच्या खुर्चीत बसला.

घरी आम्हाला तेव्हा यातलं काहीच कळलं नाही. एके दिवशी ते डबा विसरले म्हणून मी तो द्यायला कारखान्यात गेले. मी तेरा वर्षांची होते. वडील खाली सतरंजीवर बसून चादरी उलगडून दाखवत होते. समोर मैंदर्गीचे एक म्हातारे व्यापारी होते. नवा अधिकारी खुर्चीत बसून पायानंच एकेक चादर दाखवत पुढची उघडायला सांगत होता. व्यापाऱ्यांना ते बघवेना.

"साहेब, तुमी कशाला घड्या घालताय? हितं वर बसा की," ते म्हणाले.

"असू द्या," वडील म्हणाले आणि त्यांनी पुढची चादर उघडली.

मी डबा दारातच ठेवला आणि पळाले. संध्याकाळी मी त्यांना विचारलं, की तुम्ही नोकरी का सोडत नाही. ते म्हणाले, दुसरी नोकरी पुण्या-मुंबईला, आणि आईचे वैद्य इथे. एवढंच. त्यांचा आवाज चढला नाही. मालकांपेक्षा त्या शांतपणाचा मला जास्त राग आला. कितीतरी दिवस मी त्यांना वेणी घालू दिली नाही, केस नुसते बांधून शाळेत गेले. त्यांनी एकदाही विचारलं नाही.

चार वर्षांनी, फिरतीवर असताना, वैरागच्या बाजारात एका दुकानाच्या पायरीवर ते कोसळले. नमुन्यांची पिशवी खांद्यालाच होती.

कारखान्यात शोकसभा झाली. आई, मी आणि बहीण पहिल्या रांगेत होतो. मालक बराच वेळ बोलले. शेवटी त्यांनी सांगितलं, की असा माणूस होणे नाही, त्यानं आयुष्यात घर असं कधी पाहिलंच नाही, कंपनी हेच त्याचं घर.

मी उभी राहिले.

"हे खोटं आहे," मी म्हणाले. "त्यांनी घरच पाहिलं. म्हणून तुम्ही त्यांना जमिनीवर बसवलंत."

मालकांनी चष्मा पुसला आणि अध्यक्षांना आभार मानायला सांगितलं. नवा अधिकारी खिडकीबाहेर बघत होता.

माझ्या थोरल्या बहिणीला तिथे टायपिस्टची जागा मिळायची होती, ती मिळाली नाही. काका म्हणाले, पोरीनं तोंड उघडून घर बुडवलं. बहिणीनं पुढे शाळेत नोकरी धरली, पण दोन वर्षं ती माझ्याशी तुटक बोलायची. आईनं मात्र मला त्या दिवसाबद्दल कधी शब्दानं विचारलं नाही. फक्त मालकांकडून आलेला मोठा हार तिनं फोटोला घातला नाही, तसाच पुडक्यात परत पाठवला.

आज मी वडिलांच्या तेव्हाच्या वयापेक्षा मोठी आहे. लोक म्हणतात, वयानं राग निवतो. माझा निवलेला नाही. त्या माणसानं आम्हाला वाढवण्यासाठी जे गिळलं, त्याला सभेत कंपनीवरची निष्ठा म्हणायची कुणाची हिंमत होते, हे मला अजून सहन होत नाही.