तीनचं पाकीट आणि पंचवीसची पेटी

हसा, खुशाल हसा. फक्त चहाचा घोट तोंडात असताना हसू नका, माझ्या शर्टावर उडेल. या प्रकरणात माझ्यावर आधीच पुरेसं उडालंय! माझ्याइतका गाढवपणा अख्ख्या राजारामपुरीत कुणी केला असेल, तर त्याला माझ्यासमोर आणा. मी भर चौकात त्याच्या पाया पडतो.

पण आधी एक गोष्ट पक्की डोक्यात ठेवा. मी आयुष्यात साधी विडीसुद्धा ओढलेली नाही. मला बडीशेपेनं ठसका लागतो. हे आत्ताच सांगतोय, कारण पुढं तुमचासुद्धा विश्वास बसायचा नाही.

तर, आमच्या श्रुतीचं लग्न ठरत होतं. मुलगा जयसिंगपूरचा. त्याच्या आधीची सगळी स्थळं पोरीनं नाक मुरडून परत पाठवली होती. आणि हा येणार म्हटल्यावर ती आपणहून पोहे करायला उठली! आता बापाला यापेक्षा वेगळं काय सांगायला लागतं? बायकोनं मला बजावलं, "ह्ये स्थळ हातचं गेलं न्हाई पायजे. तुमी काय करू नका, फकस्त गप बसा." ऐकायला हवं होतं.

मुलाचे वडील दिनकरराव. पूर्वी जहाजावर इंजिनियर होते, तिथं त्यांना सिगारची सवय लागली. पुढं खोकला मागं लागला, डॉक्टरांनी डोळे वटारले, आणि त्यांच्या मंडळींनी, म्हणजे सुमनताईंनी, त्यांना सिगार कायमचा सोडायला लावला. तेव्हापासून जयसिंगपुरात त्यांचा दाखला देतात. कुणाचं पोरगं बिघडलं की म्हणायचं, सोडायचं तर दिनकररावांसारखं सोड!

हे दिनकरराव आमचं घर बघायला आले. सगळे आत साड्यांचं बोलत होते, तेवढ्यात त्यांनी मला हाताला धरून गेटपाशी नेलं.

"व्याही, एक काम होतं."

अजून सुपारी फुटली नव्हती आणि मला व्याही म्हणाले! मी तिथंच विरघळलो.

"हुकूम करा की."

"सिगार सोडलाय म्हणून सगळ्यास्नी सांगतोय खरं... महिन्यातनं एखादा लागतोच ओ! आमच्या गावात घेतला तर मी घरी पोचायच्या आत बातमी पोचतीया. तुमी बैठकीला याल तवा तीनचं बारकं पाकीट आणा. खिशात बसंल असलं. आणि कुणाला कळू देऊ नका."

किती सरळ बोलले बघा. तीनचं पाकीट. बारकं. खिशात बसणारं. पहिलीतल्या पोरालासुद्धा समजलं असतं.

पण मी पडलो कोल्हापूरचा! आमच्याकडं पाहुणा ताटावर आडवा हात धरून "बास, बास" म्हणतो, तेव्हा त्याला रस्सा अजून हवा असतो. आपण त्याचा हात बाजूला करायचा आणि वाढायचं. जो माणूस "बास" ऐकून खरंच थांबतो, त्याच्या घरी परत कुणी जेवायला जात नाही. म्हणून मी काय समजलो? व्याही भिडस्त आहेत. "बारकं" म्हणतात म्हणजे मोठं आणायचं.

दुसऱ्या दिवशी लक्ष्मीपुरीत मुजावर चाचांच्या दुकानात गेलो. पान, तंबाखू, सगळं तिथं मिळतं.

"चाचा, सिगार हाय?"

चाचांनी चष्मा वर केला. "तुमाला?"

"मला न्हाई ओ. पावण्यास्नी द्यायचाय."

"मग ह्ये घ्या. तीनचं पाकीट. खिशात ऱ्हातंय, सपलं की दुसरं न्यायचं."

"आणि मोठं काय असतंय?"

चाचांनी नाखुशीनंच आतल्या कपाटातून एक पेटी काढली. लाकडी! पितळी कडी, झाकणावर सोनेरी नक्षी, आत पंचवीस सिगार शिस्तीत झोपलेले. मी बघतच राहिलो.

"ही नगं," चाचा म्हणाले. "रोज वढणाऱ्याचं काम हाय ह्ये. पेटी फोडली की सांभाळाय लागतीया. एक तर वाळत्यात, न्हाईतर आपल्या पावसात बुरशी धरत्यात. लागंल तसं बारकं पाकीट न्यावं, ताजा माल मिळतोय."

दुकानदार स्वतः सांगतोय कमी घ्या! असा दुकानदार दिवा घेऊन शोधला तरी सापडत नाही. आणि मी त्याच्याशीच भांडलो.

"चाचा, पोरीचा सासरा हाय. तेच्या हातावर तीन ठेवू? तीन तिगाडा, काम बिगाडा!"

"मग दोन पाकिटं घ्या. सा हुतील."

"सहा? शुभकार्याला शेवट एकानं पायजे. अकरा, एकवीस, एकावन्न..."

"पंचवीसबी कुठं बसतंय त्यात?" चाचा वैतागले. "पावणं, तुमाला सिगार पायजे का मुहूर्त?"

मी पेटी घेतली.

आता पेटी घेतली खरी, पण ठेवायची कुठं? खिशात जाईना. शर्टाखाली धरली तर पोट चौकोनी दिसायला लागलं. शेवटी कपाटात जुन्या स्वेटरमागं दडवली. पण माझा स्वभाव मेला असला, की दर दोन तासांनी जाऊन बघायचं, आहे ना जागेवर! बायकोनं मला कपाटात खांद्यापर्यंत हात घातलेला पकडलं.

"काय हुडकालासा?"

"स्वेटर."

"मे महिन्यात?"

मी घाम पुसत म्हणालो, "संध्याकाळी गार पडतंय."

कुणाला संशय येऊ नये म्हणून मी मग अक्कल चालवली. लाल चकचकीत कागद आणला, सोनेरी गणपतीचा. पेटी त्यात छान गुंडाळली, वर फीत बांधली. आता कुणाला काय कळणार? माझं मलाच कौतुक वाटलं.

बैठकीच्या दिवशी गाडीतून जयसिंगपूरला गेलो. पेटी माझ्या पिशवीत, पिशवी माझ्या पायाशी. दिनकररावांना बाजूला गाठायचं, पेटी द्यायची, विषय संपला. पण दारात उतरलो तर सगळे नमस्काराला पुढं आले. रिकाम्या हातांनी नमस्कार करायला पिशवी गाडीत ठेवली. मागून आमचा मेहुणा संजय ओरडला, "दाजी, तुमी व्हा म्होरं! सामानाचं मी बघतो!"

बघितलं की त्यानं! लाल कागद, सोनेरी गणपती, वर फीत. कुणीही काय म्हणेल? मानपानाची वस्तू! संजयनं ती सरळ मानपानाच्या ताटात ठेवली. पोशाखावर साडी, साडीवर पेटी. मी आत येऊन टेकतोय तोवर बायकोच्या बहिणीनं पेटीला हळदकुंकूसुद्धा लावलं होतं.

आणि तुम्हाला आमच्याकडची पद्धत माहीत आहे. ताट नुसतं देऊन चालत नाही. एकेक वस्तू उघडून चारचौघांत दाखवायची. दाखवणाऱ्या होत्या आक्का, दिनकररावांच्या थोरल्या बहीण. बाईंचा आवाज असा, की माईक लाजावा.

"ह्यो पोशाख दिनकरचा! ही साडी सुमनची, पदर बगा गं!"

मी संजयला डोळ्यांनी खुणावलं, ती पेटी काढ. त्यानं मला पाणी आणून दिलं. परत खुणावलं. त्यानं पंखा वाढवला.

"आणि ह्यो डबा! सुकामेवा असंल."

"छ्या, जड हाय. दागिना हाय!" कुणीतरी म्हणालं.

दिनकरराव कौतुकानं मान डोलवत होते. बिचाऱ्यांना काय माहीत? कागद फाटला. सोनेरी नक्षी दिसली. दिनकररावांची मान डोलायची थांबली. आक्कांनी कडी काढली, झाकण उघडलं, आणि पेटी सगळ्यांना दिसेल अशी उंच धरली.

कोपऱ्यातल्या एका आजींनी विचारलं, "उदबत्त्या हाईत व्हय? लई जाड हाईत."

सुमनताईंनी नुसता वास घेतला. त्यांना झाकण बघायची गरजच नव्हती. त्या हळूच नवऱ्याकडं वळल्या. "ह्ये कुणासाठी आणलंय?"

दिनकररावांनी माझ्याकडं बघितलं. असा चेहरा मी दाढ काढायला बसलेल्या माणसाचासुद्धा बघितलेला नाही. आणि मी काय करणार होतो? त्यांचं नाव घेतलं तर त्या घरात आग लागणार, आणि आमच्या श्रुतीचं स्थळ त्यात जळणार. बोलून गेलो.

"माझा हाय. चुकून ताटात आला."

"तुमचा?" आक्कांनी पेटी माझ्या नाकासमोर धरली. "आवं, एखादं पाकीट असतं तर म्हटलं असतं, मानूस हाय, कवातरी वढत असंल. हितं पेटी हाय पेटी! पेटी घेनारा म्हंजी पक्का!" त्यांनी झाकण खाडकन लावलं. "सुपारी थांबवा. घरातल्या बापाचं ह्ये, तर पोरीवर काय वळण असंल?"

श्रुती दारात उभी होती. तिचं तोंड पांढरं पडलं. मित्रांनो, मला मारा, शिव्या द्या, पण पोरीचं तसलं तोंड परत दाखवू नका.

तेवढ्यात दिनकरराव उभे राहिले. वाटलं, चला, माणूस खरं बोलतोय.

"आक्का, थांब!" ते म्हणाले. "व्यसन कुणाला सुटत न्हाई? मी सोडलं का न्हाई? तेबी सोडतील. तेंची जबाबदारी माझ्यावर!"

लोकांनी माना डोलावल्या. केवढं मोठं मन, केवढं मोठं मन! माझ्या हातात नारळ आला, कपाळाला अंबाबाईचा अंगारा लागला आणि मी वीसपंचवीस माणसांसमोर शपथ घेतली, की आजपासून सिगारला शिवणार नाही. शपथ खोटी म्हणावी तर एक अक्षर खोटं नाही. अंबाबाईसुद्धा बुचकळ्यात पडली असेल.

सुमनताईंनी डोळे पुसले. सुपारी फुटली. पेढे फिरले.

"आणि ह्या पेटीचं काय करायचं?" आक्कांनी विचारलं.

"मी लावतो इल्हेवाट," दिनकरराव म्हणाले, आणि पेटी काखेत मारून तरण्या पोरासारखे घरामागच्या परड्याकडं पळाले.

परत येताना गाडीत मी घरच्यांना सगळं खरंखरं सांगितलं. विश्वास? कुणाचा बसणार?

"त्या देवमाणसानं तुमची अब्रू राखली," बायको कडाडली, "आणि तुमी तेच्यावरच ढकलतासा? तरीच म्हटलं मे महिन्यात कसला सेटर!"

संजय पुढच्या सीटवरून म्हणाला, "दाजी, कबूल करायचं. मन हलकं हुतंय. मीबी गुटखा असाच दडवत हुतो."

श्रुतीनं तोंड फिरवलं. खिडकीतून ऊस बघत बसली. ते मला जास्त लागलं.

मग साक्षीला बायकोला घेऊन मुजावर चाचांकडं गेलो. म्हटलं, हा माणूस तरी खरं बोलेल. आणि बोलला की!

"व्हय, पावण्यासाठी म्हणालते," चाचा शांतपणे म्हणाले. "पयल्यांदा सगळं तसंच म्हणत्यात."

त्या दिवसापासून रोज संध्याकाळी दिनकररावांचा फोन. बायको तो मुद्दाम स्पीकरवर टाकायची. "काय व्याही, वढला न्हाई न्हवं?" मधेच फूऽऽ असा आवाज यायचा. "मन घट्ट करा!" परत फूऽऽ. बायको म्हणायची, "बगा, तुमच्या काळजीनं कसं सुस्कारं टाकत्यात!" मी भिंतीवर डोकं आपटायचं तेवढं बाकी ठेवलं.

लग्न झालं. दणक्यात झालं. व्याहीभेटीला हार घालून दिनकररावांनी मला असं घट्ट मिठीत घेतलं, की सगळ्या हॉलनं टाळ्या वाजवल्या. तोंडात लवंग होती. पण कोटाला, टोपीला, मिशीला, सगळीकडं तोच वास. माझ्या कानाशी येऊन कुजबुजले, "व्याही, उपकार झाले. माल एक नंबर. अजून आठ ऱ्हायल्यात."

संध्याकाळी श्रुती निघाली. गाडीच्या दाराशी आली, मागं वळली आणि माझ्या गळ्यात पडली. इतके दिवस धड बोलली नव्हती, आता हमसून रडत होती. मीही रडलो, खोटं कशाला बोलू? एवढंसं होतं तेव्हापासून या खांद्यावर झोपलेलं लेकरू.

आणि एकदम तिचं रडणं थांबलं. तिनं माझ्या कोटाचा वास घेतला. परत घेतला. मान वर करून माझ्याकडं बघितलं.

"पप्पा," ती हळूच म्हणाली, "आजच्या दिवशीसुद्धा?"

तिच्या मागंच दिनकरराव उभे होते, लवंग चघळत. शेजारी सुमनताई. माझा एक शब्द, आणि पोरीचा त्या घरातला पहिला दिवस भांडणानं उजाडला असता.

मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

"चुकलं गं बाळा," मी म्हणालो. "शेवटचा होता."