यार्डातला पहिला नारळ कोण फोडणार

आमच्या धंद्यात किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते जुन्या मशीनबरोबर फुकट येतात. मी नाशकात सेकंडहँड पोकलेनची वायरिंग बघतो. हायवेला भास्करशेठचं यार्ड आहे. जुनी मशीनं घ्यायची, दुरुस्त करायची, विकायची. तिथला इलेक्ट्रिशियन मी. खंडेनवमीला सगळी मशीनं धुऊन, हार घालून उभी करतात आणि पहिला नारळ यार्डाचा इलेक्ट्रिशियन फोडतो, ही शेठची पद्धत. म्हणजे मीच फोडायचो. त्या दिवशी शेठपासून ऑपरेटरपर्यंत सगळे माझ्याकडे बघत उभे असतात, आणि खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडतं.

मग मालेगावहून यासीनभाई आले. तेही इलेक्ट्रिशियनच, अडलेल्या कामाला शेठ त्यांना बोलावतात. तेव्हापासून माझ्याच किश्श्यांत हिरो मी नसतो. सरळ सांगतो, जळतो मी त्या माणसावर.

*

देवळ्याहून एक मशीन आलं. डावीकडे फिरवलं की हॉर्न वाजायचा. उजवीकडे फिरवलं की गप्प. मी हॉर्नची वायर शोधत निम्मं मशीन उघडून ठेवलं. ऑपरेटर म्हणतो, "ऱ्हाऊ द्या ना भाऊ. लोक आपोआप बाजूला होत्यात."

यासीनभाई आले, पाना हातात घेतलाच नाही. "हे मशीन उभं कुठं असायचं?" एवढंच विचारलं.

ऑपरेटर म्हणाला, "कांद्याच्या चाळीशेजारी."

"मग उंदीर बघा."

सीटखालची वायरिंग उंदरांनी कुरतडलेली होती. मशीन डावीकडे फिरलं की उघडी वायर पत्र्याला टेकायची आणि हॉर्न वाजायचा.

मी शेठना म्हटलं, "मी तिथंच येत होतो."

शेठ म्हणाले, "हो, पण पुढच्या महिन्यात."

*

'डायरेक्ट' या शब्दाशी माझं जुनं वैर आहे. फ्यूज सारखा उडतो? काढून टाका, वायर डायरेक्ट करा. स्विच खराब झाला? डायरेक्ट करा. नामपूरच्या एका मशीनमध्ये सगळंच डायरेक्ट होतं. चावी खिशात घेऊन घरी गेलं तरी वायपर चालूच.

मी आधीच्या मालकाला फोन लावला. "अहो दादा, हा वायपर तुम्ही बंद कसा करायचात?"

तो म्हणाला, "बंद काबर करतस भो? पावसायामा लागसच ना!"

ते सगळं जंजाळ मी उपसून काढलं. नवे फ्यूज, नवे स्विच, प्रत्येक वायरला वेगळ्या रंगाची टेप. शेठनी वाकून बराच वेळ पाहिलं. खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "वा! अगदी यासीनभाईंसारखं काम."

त्या दिवशी माझा डबा तसाच घरी गेला.

*

दिंडोरीला एका द्राक्ष बागायतदाराकडे मशीन बंद पडलं होतं. बॅटरी फुल, पण सेल्फ लागेना. बागेत उभं राहणारं मशीन, सतत औषधाची फवारणी. सगळ्या कनेक्टरना आतून हिरवा गंज चढलेला. सकाळभर मी एकेक पिन घासत उन्हात बसलो. शेवटचा कनेक्टर बसवला, कपाळ पुसलं आणि ऑपरेटरला म्हणणार, "मार आता सेल्फ," तेवढ्यात यासीनभाई. शेजारच्या मळ्यात ट्रॅक्टर बघायला आले होते म्हणे. मशीनच्या पत्र्यावर थाप मारून म्हणाले, "क्या हाल है?"

ऑपरेटरनं चावी फिरवली. मशीन सुरू.

बागायतदार थक्क. "नुसता हात लावला यांनी, आन चालू झालं!"

यासीनभाई म्हणाले, "मी कुठं काय केलं? यांनी केलंय सगळं."

बागायतदार मला म्हणतो, "बघा. एवढा मोठा मिस्त्री, पण गर्व नाय."

*

घरातही सुटका नाही. मिक्सर बंद पडला होता, मी म्हटलं उद्या बघतो. बायको म्हणाली, "यासीनभाईंना विचारू का?"

तिनं त्यांना कधी पाहिलेलंसुद्धा नाही. मी चिडलो, तर म्हणते, "रोज जेवताना तुम्हीच घेता की त्यांचं नाव. एवढं तर माझंही घेत नाही."

*

आणि यंदाची खंडेनवमी. शेठ मला बाजूला घेऊन म्हणाले, "या वेळी नारळ यासीनभाईंच्या हातून फोडू. तुम्हाला काही वाटणार नाही ना?"

"छे, छे. मला काय वाटायचंय," म्हणालो आणि मागे नळावर जाऊन उगाच हात धूत बसलो. डोळ्यांत पाणी आलं, लपवत नाही.

वहिनींनी, म्हणजे शेठच्या मिसेसनी, हौसेनं सगळं सजवलं होतं. पुढच्या मशीनच्या केबिनमध्ये चढून जो दांडा दिसेल त्याला झेंडूचा हार गुंडाळला होता. आमच्याकडे आधी मशीन सुरू करतात, मग नारळ. ऑपरेटरनं चावी फिरवली. काहीच नाही. परत फिरवली. काहीच नाही.

मी खालून ओरडलो, "लाल लिव्हर वर आहे का?" सीटजवळची ती लिव्हर पार वर जाऊन बसली नाही तर सेल्फच लागत नाही.

"वरच हाय!"

वहिनींचा चेहरा उतरला. "आजच्या दिवशी असं व्हायला नको होतं," म्हणाल्या. सगळे यासीनभाईंकडे बघायला लागले. त्यांनी हातातला नारळ शेठकडे दिला, केबिनमध्ये चढले आणि सीटजवळ, त्या लाल लिव्हरपाशी वाकले. मी मनात म्हणत होतो, नको मिळू दे फॉल्ट, एकदा तरी नको मिळू दे.

ते खाली उतरले. हाताची मूठ मिटलेली. शेठना म्हणाले, "मला नाही समजत. याला याचा नेहमीचा माणूस लागतो. नारळ त्यांना फोडू द्या, मग लावून बघू."

यासीनभाईंना समजलं नाही! सगळ्या यार्डासमोर! मी नारळ घेतला आणि असा आपटला की पाणी शेठच्या लेंग्यावर उडालं. ऑपरेटरनं चावी फिरवली. पहिल्याच सेल्फला मशीन सुरू.

वहिनींनी माझ्यावरून हात ओवाळून कडाकडा बोटं मोडली. शेठ म्हणाले, "ठरलं. दरवर्षी नारळ तुमच्याच हातून."

मी ऐटीत सगळ्यांना खोबरं वाटत निघालो. यासीनभाईंसमोर आलो, त्यांनी हात पुढे केला. तळहाताला झेंडूच्या चुरगळलेल्या पाकळ्या चिकटल्या होत्या.