भांडी सापडली, मालक सापडेना

भांड्यांच्या चोरीची ती केस अजून माझ्या डोक्यातून जात नाही. शिपाई म्हणून भरती झालो आणि सहायक फौजदार म्हणून बाहेर पडलो. शाळा बेताचीच झाली. पण जे तपास केले ते माझ्या अकलेनं केले, उसन्या नाही. खून बघितले, दरोडे बघितले. तरी कुणी विचारलं तर मी हीच केस सांगतो. माणसांची नावं सांगणार नाही, गावाचंही नाही. कोल्हापूरजवळ, गडमुडशिंगीच्या अलीकडं-पलीकडं कुठंतरी, एवढं धरून चाला.

त्या गावात एक मंडळ होतं. घरटी वर्गणी काढून त्यांनी लग्नकार्याला लागणारी मोठी भांडी घेतलेली. पातेली, पराती, काहिली, झारे. ज्याच्या घरी कार्य असेल त्यानं न्यायची आणि घासून परत आणून ठेवायची. एका सकाळी खोलीचं कुलूप तुटलेलं आणि भांडी गायब. मंडळाचे अध्यक्ष ठाण्यात आले, त्यांच्या मागं निम्मं गाव.

मी फिर्याद लिहायला घेतली. विचारलं, "भांडी कुणाच्या मालकीची?"

"माझीच समजा," अध्यक्ष म्हणाले.

गर्दीतनं एकजण ओरडला, "तुमची कशी वो? सासऱ्यानं हुंड्यात दिल्ती व्हय?"

"मग मंडळाची ल्ह्या," अध्यक्ष चिडून म्हणाले.

"मंडळाची नोंदणी आहे का?"

"त्ये आनि कशाला? समद्या गावाला ठावं हाय की."

मी 'मंडळाची' असं लिहून पुढं गेलो. पुढं हाच शब्द सगळ्यांना नडला.

भंगारवाले पालथे घातले, बाजारात माणसं सोडली. काही हाती लागेना. मग एक दिवस दुधाच्या गाडीवरचा ड्रायव्हर ठाण्यासमोर चहाला थांबला. इकडचं तिकडचं बोलला आणि जाता जाता म्हणाला, "सायेब, बंद पडल्याल्या गुऱ्हाळाला कोन नवं कुलूप लावतंय का?"

पंच घेऊन आम्ही त्या गुऱ्हाळावर गेलो. कुलूप उघडलं तर भांडी आत. पण मी बघतच राहिलो. चिंच लावून लख्ख घासलेली, खाली पोती अंथरून ओळीनं पालथी घातलेली. चोरीचा माल मी आयुष्यभर बघितला. चोर माल लपवतो, मोडतो, विकतो. घासून ठेवत नाही. तिथंच मला कळलं, हे काम चोराचं नाही, घरच्या माणसाचं आहे.

गुऱ्हाळाचा मालक गावचाच शेतकरी, पन्नाशीचा. त्याला ठाण्यात आणला. गडी तोंड उघडेना. आमचा एक तरणा शिपाई म्हणाला, "दोन द्या, मग बोलंल." मी त्याला बाहेर पाठवला. ज्या माणसाला स्वतःचीच लाज वाटतेय त्याला मारून काय मिळणार? तंबाखू मळली, निम्मी त्याला दिली आणि एकच विचारलं, "भांडी घासली कुणी?"

त्यानं मान वर केली. "आमच्या मालकिणीनं. म्हणली, चोरून आणलीसा ती आणलीसा, आता मळकी कशाला ठेवतासा?"

"विकायची होती?"

"इकीन कशाला? पोरीच्या लग्नाला मागाय गेलतो. अध्यक्ष म्हणलं, इलेक्शनला तू त्या पार्टीत हुतास, जा, त्यांच्याकडनं घे. माझं डोस्कंच फिरलं. म्हणलं, माझ्या पोरीला न्हाईत तर कुणालाच न्हाईत." मग माझ्याकडं रोखून बघत म्हणाला, "सायेब, माझी बी वर्गणी हाय त्यात. आपलंच आपुन नेलं तर चोरी कशी वो?"

"कुलूप तोडलंस का नाही?"

"तोडलं."

"मग झालं." असं मी बोललो खरा, पण त्याचा सवाल मनात राहिला.

त्याला अटक दाखवली, जामिनावर तो सुटला. इकडं मुलीचं सासर जयसिंगपूरचं, व्यापारी माणसं. त्यांनी निरोप धाडला की केस मिटत नाही तोवर तारीख धरू नका, चोराच्या घरची सून आम्हाला नको. दुसऱ्या दिवशी त्याची बायको ठाण्याच्या पायरीशी येऊन उभी राहिली. आत या म्हटलं तर येईना. "दादा, ह्यांस्नी काय ती शिक्षा द्या. पर पोरीचं लगीन मोडाय नगं. तिनं काय केलंय?"

मी अध्यक्षांना बोलावून निरोप सांगितला. त्यांनी मिशीवरनं हात फिरवला. म्हणाले, "पोरगी गावचीच की. मिटवू या. कुठं सही करायची सांगा."

पण सरकारी वकील म्हणाला, चोरीच्या गुन्ह्यात तडजोड फक्त मालाचा मालक करू शकतो. आणि मालक कोण? अध्यक्ष म्हणत मी. दुसऱ्या पार्टीनं कोर्टात अर्ज दिला की भांडी आमची, अध्यक्षांना देऊ नका. मंडळ तर कायद्याच्या दृष्टीनं जन्मलेलंच नाही. त्यामुळं भांडी मुद्देमाल खोलीत अडकली आणि भांड्यांबरोबर ती पोरगीही. गावात लग्नसराई तोंडावर आलेली. दोन्ही पार्ट्यांना भाड्यानं भांडी आणायची पाळी आली, तेव्हा कुठं डोळे उघडले.

मी हट्टाला पेटलो. म्हटलं, जन्मलं नाही ना मंडळ? मग जन्माला घाला. संस्था नोंदवायला निदान सात माणसं लागतात. दोन्ही पार्ट्यांची मिळून सात निवडली आणि रजेच्या दिवशी साध्या कपड्यांत त्यांना कोल्हापूरला धर्मादाय कार्यालयात घेऊन गेलो. एसटीतही दोन टोकांना बसली, बाकावरही दोन टोकांना.

तिथल्या बाईंनी अर्ज वाचला. संस्थेचा उद्देश अध्यक्षांनी स्वतः सांगून लिहून घेतलेला. 'अध्यक्षांच्या मर्जीतील सभासदांना भांडी देणे.' बाईंनी चष्मा काढला. "काका, ही संस्था आहे की तुमच्या घरचं फडताळ? धर्मादाय म्हणजे सगळ्यांसाठी. जो मागेल त्याला, गटतट न बघता, असं लिहा."

"म्हंजे इरोधकांस्नी बी द्याची?" अध्यक्षांनी विचारलं.

"मग? त्यांच्या घरचे पाहुणे काय उपाशी धाडायचे?"

दुसऱ्या टोकाचे तिघे फिदीफिदी हसले. अध्यक्ष त्यांच्यावर गुरगुरले. मी म्हटलं, "अध्यक्ष, तुम्ही एका पोरीला नाही म्हणालात, म्हणून आज ही सात माणसं हितं बसलीत." त्यांनी अर्ज बाईंकडं परत सरकवला. म्हणाले, "ल्ह्या तसं."

खेपा झाल्या, त्रुटी निघाल्या, पण नोंदणीचा दाखला मिळाला. गावसभेत भांडी संस्थेची असा ठराव झाला. संस्थेच्या वतीनं अध्यक्षांनी तडजोडीवर सही केली, कोर्टानं मान्य केली. जयसिंगपूरकरांनी तारीख धरली.

ठाण्यातनं भांडी न्यायला टेम्पो आला त्या दिवशी आरोपी, म्हणजे आता नुसता मुलीचा बाप, दाराशी उभा होता. हात लावायचं धाडस होईना. अध्यक्षांनी मोठ्या काहिलीचा एक कान धरला आणि खेकसले, "बघतोस काय नुसता? पावणं जेवाय यायचं हाईत. धर की त्यो कान!"

दोघांनी मिळून काहील उचलली.

'हे सगळ्यांचं आहे' असं लोक म्हणतात, तेव्हा मी आता विचारतो की किल्ली कुणाकडं असते. किल्ली एकाकडं असेल आणि नियम कुठंच नसेल, तर ते सगळ्यांचं नाही, त्या एकाचं आहे. मग दुसरा कधीतरी कुलूप तोडतो, आणि चोर म्हणून आम्ही त्यालाच धरतो. मीही धरला. कायद्यानं तेच बरोबर होतं, आजही मी तेच करीन. पण तालमीची, मंडळाची पोरं भेटली की मी बजावून सांगतो: नोंदणी करा, आणि ज्याच्याशी तुमचं पटत नाही त्यालाही काय मिळेल, ते पहिल्यांदा लिहा.