भुताला हसून दिलेलं उत्तर

वरवट बकालला मुलगी पाहून आलो तेव्हा दोन्ही घरच्यांनी आम्हाला फोनवर बोलायची मोकळीक दिली. तीन आठवडे रोज बोललो. मग इथल्याच, नांदुऱ्यातल्या एका नोकरीवाल्या मुलीचं स्थळ आलं. आईचं मन तिकडं गेलं, आणि खोटं कशाला बोलू, माझंही गेलं. वडील म्हणाले, "तू बोलतं ना तिच्यासंग, मंग तूच सांग." मी काय केलं? मूग गिळून बसलो. तिचे मेसेज यायचे, मी वाचायचो आणि फोन पालथा ठेवायचो.

आमच्याकडे एका स्थळाचं उत्तर येईस्तोवर मुलगी दुसऱ्याला दाखवत नाहीत. हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी बसलो.

महिन्यानं तिच्याकडून शब्द नाही, नुसतं पांढऱ्या भुताचं चित्र आलं. मला वाटलं, गंमत करते आहे, म्हणजे रागावलेली नाही. सुटलो एकदाचा. मी हसरा चेहरा पाठवून दिला. दुसऱ्या दिवशी बहिणीला ते दाखवलं.

"दादा, भूत म्हंजे तू. बोलता बोलता जो गायब होते, त्याले पोरी हे पाठवतात. अन् तू हसला?"

स्वतःचाच असा संताप आला की निदान समोर जाऊन नाही सांगावं म्हणून तशीच वरवटची एसटी पकडली.

तिचे वडील ओट्यावर बसले होते. "या, या," म्हणाले आणि मी तोंड उघडायच्या आत सांगू लागले, "काल तुमचं हसणं आलं मोबाइलवर. पोरगी म्हणे, बाबा, थांबा, ते येतीन. म्हणून आज सकाळीच तिले पाहाले येणाऱ्या संग्रामपूरच्या पाहुण्यायले नको म्हणून सांगतलं. अन् आलेच तुम्ही."

मी लग्नाला नाही म्हणालो. कसं म्हणालो, देव जाणे. ते ओट्यावरून उठले. मग, "पाहुणा उपाशी कसा जाईन," म्हणत त्यांनी आत ताट करायला सांगितलं.

जेवायला बसलो. वाढायला तीच आली. "चुकलं माझं," मी ताटाकडे पाहत म्हणालो. तिनं भाजीचं पातेलं पुढं केलं.

"आजून वाढू का?" तिनं विचारलं.