मिस्त्री आणि पूजेचा नांगर

"पैले नीचे रख, बाद में सलाम कर."

नमस्काराला असं उत्तर देणारा माणूस तुम्ही पाहिलाय का? मी चार वर्षं त्याच्या हाताखाली काढली. ट्रॅक्टर शेडमध्ये आणला आणि मागचा नांगर लिफ्टवर उचललेलाच असला, की आमचा मिस्त्री तोंड फिरवायचा. नांगर फळीवर टेकला, इंजिन बंद झालं, की मग मान हलवायचा. तीही अर्धीच.

मला तो आवडायचा नाही. आजही आवडत नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं काही गोड निघालंच तर तुमची फसगत व्हायला नको.

निजामाच्या राज्यात त्यानं हैदराबादेला मोटारींची कामं केली होती. विलीनीकरणानंतर काही वर्षांनी त्याच मुलखातल्या वाशीच्या बाजूला हरळी-कुंद्याच्या तणानं भरलेली रानं खोल नांगरायला सरकारी ट्रॅक्टर आले, त्यांच्याबरोबर हा आला. मी ड्रायव्हर, पण टेंपररी. कायम व्हायचं तर मिस्त्रीनं साहेबाकडं चांगला शब्द टाकायला हवा. म्हणजे माझी भाकरी ह्याच्या हातात, आणि हा कुणाबद्दल चांगला शब्द बोलल्याचं कुणाच्या कानावर नव्हतं.

काम संपलं की फाळाची काळी माती लाकडानं खरवडायची आणि गंज चढू नये म्हणून इंजिनातलं जळकं ऑईल फासायचं, ही त्याची शिस्त. एकदा जळकं ऑईल संपलं. एका शेतकऱ्यानं मायेनं घाण्यावरचं करडीचं तेल दिलं, मी तेच चोळलं. आठवड्यात ते असं चिकटून वाळलं की नखानं निघेना. मिस्त्रीनं वाकून वास घेतला.

"भजी तळायची व्हती का रे?"

दिवसभर मला विटेच्या तुकड्यानं फाळ घासायला बसवलं. बाकीचे ड्रायव्हर येता-जाता विचारायचे, झाली का भजी. महिनाभर तेच नाव पडलं मला.

दुसऱ्यांदा तर रस्त्यातच इज्जत काढली. गावातल्या एका म्हाताऱ्या बाबांना मी उचललेल्या नांगरावर बसवून घरी नेत होतो. उन्हाचं चालवायचं कसं त्यांना? समोरून मिस्त्री सायकलवर आला आणि ट्रॅक्टरपुढं आडवा उभा राहिला. "बाबा, तुमी उतरा. हा नांगर हाय, पालखी न्हाय." बाबा उतरले. मग मिस्त्रीनं नांगराची साखळी ओढून बघितली, पिना बघितल्या, मागं लाल फडकं बांधलंय का बघितलं, आणि बाबांना स्वतःच्या सायकलवर बसवून हातानं ढकलत गावापर्यंत नेलं. मी मागून ट्रॅक्टर त्यांच्या चालीनं. सगळ्या गावानं ती वरात बघितली. 

आता मुख्य गोष्ट.

भादव्यात माझ्या ट्रॅक्टरची लिफ्ट धरेना झाली. तेल अडवणारा आतला वायसर गेला होता. उचललेला नांगर इंजिन बंद केल्यावर हळूहळू खाली बसायचा. मिस्त्रीनं ओळखलं. म्हणाला, "खंडेनवमीच्या आत गाडी शेडला आण. वायसर बदलू. तवर नांगर वर ठेवायचा न्हाय." मी "हौ" म्हणालो आणि नेली नाही. कारण ज्या गावात काम चाललं होतं तिथल्या पाटलांनी ठरवलं होतं, यंदा खंडेनवमीला ट्रॅक्टरच्या नांगराची पूजा करायची, ड्रायव्हरला फेटा बांधायचा. आजवर मला फेटा कुणी बांधला होता?

त्या गावची रीत अशी, की खंडेनवमीला पूजलेलं अवजार दुसऱ्या दिवशी सोनं लुटेपर्यंत जमिनीला लावायचं नाही. लाकडी नांगर पाटावर ठेवायचे. एवढ्या मोठ्या लोखंडी नांगराला पाट कुठला आणायचा? पाटील म्हणाले, "वर उचलूनच ठेवा की." मी ठेवला. इंजिन बंद केलं. फाळावर नारळ बांधला, झेंडूचे हार घातले, आणि फेटा बांधून बाजूला उभा राहिलो.

पाटलांची धाकटी सून ताट घेऊन आली. फाळाच्या खालच्या टोकालाही कुंकू लागावं म्हणून ती वाकली आणि नांगराखाली सरकली. नांगर सकाळपेक्षा चार बोटं खाली आला होता. मला दिसत होतं. पण बोललो असतो तर सगळ्या गावादेखत नांगर उतरवावा लागला असता. मी गप्प बसलो.

मिस्त्री गाडी का आली नाही ते बघायला आला होता. त्यानं सायकल टाकली, "हटो" म्हणून ओरडला आणि हातानं ताट उडवलं. निरांजन, कुंकू, तांदूळ सगळं मातीत. सून घाबरून मागं पळाली. तसा तो ट्रॅक्टरवर चढला आणि त्यानं लिफ्टचा दांडा ओढला. नांगर दणकन जमिनीवर आला, नारळ फुटला.

"मिस्त्री, हे काय केलंत?" पाटील पुढं झाले.

"लिफ्ट धरत न्हाय. याला इचारा."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. "लिफ्टला काय बी न्हाय झालं, मालक," मी म्हणालो.

पूजेचा नांगर पाडला, सुवासिनीचं ताट उडवलं, आणि तेही एका मुसलमानानं. बोंब झाली ती त्यामुळं जास्तच झाली, खोटं कशाला सांगू? त्याच्याविरुद्धच्या अर्जावर अर्ध्या गावानं सह्या-अंगठे केले. माझी सही पहिली.

चौकशीला जिल्ह्याहून साहेब आले. शेडमध्ये खुर्ची टाकून बसले आणि मला विचारलं, "लिफ्ट चांगली होती?"

"चांगली व्हती, साहेब."

मिस्त्री शांतपणे म्हणाला, "मग उचल नांगर. इंजिन बंद कर. आणि खाली झोप."

ट्रॅक्टर तिथंच उभा होता. साहेब माझ्याकडं बघत होते, ड्रायव्हर बघत होते. मी खाली बघितलं.

"नवी पैरण हाय, साहेब. खराब व्हईल."

सगळे हसले. साहेबही हसले. मिस्त्री तेवढा हसला नाही. साहेबांना कळलं नसेल असं मला वाटत नाही, पण गावाचा अर्ज जड होता. मिस्त्रीची बदली परंड्याला झाली. तो गेला. दुसऱ्याच दिवशी मी शेडचं दार लोटून घेतलं आणि वायसर बदलला. दिवाळीनंतर मी कायम झालो.

पाच-सहा वर्षांनी वाशीच्या बाजारात पाटलांची ती सून भेटली. पेरूची पाटी घेऊन बसली होती. तिनंच ओळखलं.

"ते मेलं मिस्त्री अजून आठवतं बघा. माझं ताट उडवलं त्यानं. तुमी त्या दिशी खरं बोललात म्हणून गावाची लाज राहिली."

"व्हय," मी म्हणालो.

तिनं पाटीतला चांगला पिकलेला पेरू निवडून माझ्या हातावर ठेवला. पैसे देऊ लागलो तर घेईना. मी तो तिथंच, तिच्यासमोर उभा राहून खाल्ला.