भाऊसाहेब आज चुकले नाहीत

सुलभाताई देवरे सकाळी सर्व्हरचा लॉग मोठ्यानं वाचायच्या. घरातलं एखादं वडीलधारं माणूस पेपर वाचताना मध्येच "अरे वा" किंवा "आला का हा मेला पुन्हा" म्हणतं ना, तसं. हातात चहाचा कप, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणि समोर स्क्रीनभर बारीक अक्षरांच्या ओळी. अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या ऑफिसात मी रुजू झाले त्या दिवशी मला वाटलं, बाई फोनवर जावेशी बोलताहेत.

आमची कंपनी द्राक्षं पेट्यांत भरून पाठवणाऱ्या पॅकहाउसना सॉफ्टवेअर पुरवते. कोल्ड स्टोअरचं तापमान, पेट्यांची नोंद, गाड्यांचे गेटपास, सगळं आमच्या सर्व्हरवर चालतं. आणि लॉग म्हणजे त्या सर्व्हरची दिवसभराची बडबड. अमुक आला, तमुक गेला, ह्याचा पासवर्ड चुकला, त्याचं काम अर्धवट राहिलं. आम्ही बाकीचे काही बिघडलं तरच तो उघडायचो आणि दहा ओळींत जांभया द्यायला लागायचो. सुलभाताई रोज वाचायच्या आणि चवीनं वाचायच्या.

"लाल ओळ दिसली की सगळेच धावतात गं," त्या मला म्हणायच्या. "साध्या ओळी वाच. संसार त्यांच्यात असतो."

बॅकअपचा सर्व्हर आठवड्यातून एकदा काहीतरी कुरकुर करायचा. मी घाबरून उठले की त्या हात वर करून मला बसवायच्या. "रडका आहे तो. लक्ष दिलं की जास्त रडतो." आणि खरंच तो थोड्या वेळानं आपोआप गप्प व्हायचा. एकदा मात्र त्यानं कुरकुर केलीच नाही, तर ह्या चहा तसाच टाकून थेट सर्व्हरच्या खोलीत गेल्या. त्याची केबल सैल झाली होती. बोलायलाच जमत नव्हतं बिचाऱ्याला.

माणसांच्या बाबतीत त्या फार सांभाळून असत. निफाडकडच्या एका पॅकहाउसमधली दोन माणसं, एक मुलगी आणि एक मुलगा, वर्षभर एकाच वेळी काम बंद करून निघत होती. लग्नाची पत्रिका ऑफिसात आली तेव्हा आम्ही सगळे चाट पडलो. सुलभाताई शांतपणे म्हणाल्या, "मला दिवाळीपासून माहीत होतं." मी म्हटलं, "मग बोलला नाहीत?" तर माझ्यावरच डोळे वटारले. "लॉगमधलं लॉगमध्येच राहायला पाहिजे. मी काय चावडीवर बसलेय?" लग्नाला मात्र त्या हौसेनं गेल्या आणि नवरीला भरघोस आहेर केला. नवरीला ह्या बाई कोण ते शेवटपर्यंत कळलं नाही.

पण त्यांचा सगळ्यात लाडका माणूस म्हणजे पिंपळगाव बसवंतचे भाऊसाहेब. एका मोठ्या पॅकहाउसवर गेटपास करणारे कारकून. ताईंनी त्यांना कधी पाहिलं नव्हतं, त्यांच्याशी कधी बोलणंही झालं नव्हतं. ओळख एवढीच, की भाऊसाहेबांचा पासवर्ड रोज सकाळी दोनदा चुकायचा आणि तिसऱ्यांदा बरोबर यायचा. ताई वाचायच्या, "भाऊसाहेब... चुकले. भाऊसाहेब... चुकले. आले!" त्या 'आले'वर चहाचा पहिला घोट घेतला जाई. आमच्या ऑफिसचा दिवस तिथून सुरू व्हायचा. पुढे पुढे मीही कान लावून बसायला लागले.

मग निखिल सर आले. आमच्या कंपनीच्या मालकांचे पुतणे, हुशार, कामाला वाघ, बोलायला गोड. त्यांनी नवीन सॉफ्टवेअर बसवलं. तेच सगळे लॉग वाचणार, काही बिघडलं तर मोबाईलवर घंटा वाजवणार. भिंतीवर एक मोठा पडदा लागला, त्यावर सगळं हिरवंगार. "मॅडम, आता तुम्हाला हे वाचत बसायची गरज नाही," सर म्हणाले. "तुम्ही बिलिंगला या."

सुलभाताईंचा चेहरा उतरला. निवृत्तीला थोडीच वर्षं राहिली होती आणि ती कुठे काढायची एवढाच प्रश्न होता, पण तो त्यांच्या जिवाला लागला. "बिलात माणसं भेटत नाहीत हो," एवढंच त्या म्हणाल्या. मग त्यांनी द्राक्षाचा हंगाम संपेपर्यंत मुदत मागितली. तोवर सॉफ्टवेअरनं आणि त्यांनी, दोघांनीही लॉग वाचावा, हंगामाच्या शेवटी सरांनी ठरवावं. सर हो म्हणाले. मला मात्र निकाल आधीच दिसत होता आणि मी त्यांच्यापेक्षा जास्त चिडचिड करत होते.

हंगाम ऐन भरात होता. त्यातच काही आठवडे भाऊसाहेब लॉगमध्ये दिसेनासे झाले. त्यांच्या जागी दुसरा माणूस स्वतःच्या नावानं गेटपास करत होता. "रजेवर असतील," ताई म्हणायच्या, पण चहाला रंगत राहिली नव्हती. आणि एका सकाळी त्यांनी वाचलं, "भाऊसाहेब..." मी कान टवकारले. "आले."

त्यांनी कप खाली ठेवला. वरच्या ओळी पाहिल्या, खालच्या पाहिल्या, पुन्हा तीच ओळ वाचली. माहेर सटाण्याचं असल्यामुळे गडबडल्या की त्यांची अहिराणी वर यायची. "हाऊ आपला भाऊसाहेब नही शे!"

मी म्हटलं, "अहो ताई, एखाद्या दिवशी बरोबर पडतो पासवर्ड."

"इतक्या वर्षांत नाही पडला तो आज पडला? दुसराच कोणीतरी बसलाय त्या जागेवर. ज्याच्या हातात गेटपास, त्याच्या हातात मालाच्या गाड्या. कळतंय का तुला?"

भाऊसाहेबांचा मोबाईल लावला, कोणी उचलेना. भिंतीवरचा पडदा हिरवागारच. ताईंनी क्षणभर डोळे मिटले आणि भाऊसाहेबांचं खातं बंद करून टाकलं.

पुढच्या काही मिनिटांत ऑफिसात जे झालं ते मी हसल्याशिवाय सांगू शकत नाही. पिंपळगावला फाटकात गाड्यांची रांग लागली. बंदरावर जायचा कंटेनर भरलेला आणि गेटपास निघेना. निखिल सर केबिनमधून पळत आले. "मॅडम, खातं का बंद केलंत?"

"पासवर्ड बरोबर टाकला म्हणून."

तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. मी स्पीकर चालू केला आणि ताईंनी हॅलो म्हटलं.

"ताई, मी भाऊसाहेब बोलतुया! खातं कामून बंद केलं वो?"

"तुम्ही भाऊसाहेब कशावरून?" ताईंनी दरडावून विचारलं. "भाऊसाहेबांचा पासवर्ड रोज चुकतो. आज कसा नाही चुकला?"

पलीकडून एकदम खदखदून हसू आलं. "आवो ताई, मोतीबिंदू काढला ना दोन्ही डोळ्यांचा! आता कशी समदी अक्षरं लख्ख दिसत्यात. मोबाईल नातीनं घरी ठिवून घेतलाय, डोळ्याला तरास नको म्हून. तुमाला खरं वाटत नसंल तर डोळं मिटून टाकतो पासवर्ड, बघा चुकतो का नाय!"

मग पॅकहाउसचे मालक फोनवर आले आणि हा आमचाच माणूस आहे असं त्यांनी ठणकावून सांगितलं. ताईंनी खातं उघडलं, गाड्या सुटल्या. निखिल सर आवाज न चढवता म्हणाले, "मॅडम, आता हंगाम संपायची वाट नको पाहायला. सोमवारपासून बिलिंग."

"बरोबर आहे सर. चुकलं माझं," ताई म्हणाल्या. त्यांनी रडारड केली असती तर मला समजलं असतं. पण ही बाई अख्ख्या ऑफिसभर सांगत फिरत होती, "अगं, भाऊसाहेबांना दिसायला लागलं! अहो, आमच्या भाऊसाहेबांना दिसायला लागलं!" दुपारी त्यांनी पेढे आणवले. आपल्याला हवी असलेली जागा गेली त्या दिवशी पेढे वाटणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही. मी पेढा खाल्ला आणि बाथरूममध्ये जाऊन रडून आले.

शनिवारी ऑफिसच्या दारात एक टेम्पो थांबला. त्यातून पॅकहाउसचे मालक उतरले आणि मागून पांढरा शर्ट, काळा गॉगल घातलेले एक उंच गृहस्थ, डोक्यावर द्राक्षाची पेटी घेऊन. निखिल सर तक्रारीच्या तयारीनं पुढे गेले. मालकांनी त्यांना एकच विचारलं. "सायेब, तुमच्या त्या नव्या मशीनला आमच्या माणसाची सवय बदललेली कळली व्हती का?"

"नाही. पासवर्ड बरोबर होता, त्यामुळे..."

"त्याच्या जागी खरंच दुसरा कोनी बसला असता, तर माझ्या गाड्या कुठं गेल्या असत्या? अर्धा तास थांबल्या, थांबू द्या. बाईला हितनं हलवू नका." बिलिंगचा विषय सरांनी त्यानंतर काढला नाही. सॉफ्टवेअर राहिलं आणि त्याच्या शेजारी निवृत्त होईपर्यंत सुलभाताईही राहिल्या.

भाऊसाहेब तोवर ताईंच्या टेबलापाशी पोचले होते. त्यांनी पेटी खाली ठेवली, गॉगल काढला आणि हात जोडले. ताईही उभ्या राहिल्या. इतकी वर्षं रोज सकाळी भेटलेली ही दोन माणसं एकमेकांना पहिल्यांदा बघत होती.

"ताई," भाऊसाहेब म्हणाले, "घरात मी दिसलो नाय तर जेवायच्या वक्ताला कळतं. तुमाला सकाळीच कळलं. तुमी म्हनाल तर रोज एकदा मुद्दाम चुकत जाईन. म्हंजी तुमाला कळंल, मीच हाय."

ताईंनी पदरानं डोळे टिपले.

"नको हो," त्या म्हणाल्या. "तुम्ही आता नीट बघून, न चुकता या. मी तुमची नव्यानं ओळख करून घेईन."